बाजारात न मिळणारं सीएसके टूल: आधी कोन ओळखा, मग एका धारेचं स्वतः बनवा

बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेला कुठल्याही छोट्या वर्कशॉपमध्ये जावा, ड्रिल मशीनजवळच्या डब्यात एक ९० डिग्रीचं सीएसके (काउंटरसिंक) टूल, म्हणजे स्क्रूचं डोकं बुडावं म्हणून भोकाच्या तोंडाला शंकूसारखा खड्डा पाडणारं टूल, पडलेलं असतंयच, आणि सगळी कामं त्याच्यावरच भागवली जातात. बहुतेक वेळा भागतंय पण. अडतं कधी, तर बाहेरून आलेल्या जुन्या मशीनचा एखादा वेगळाच स्क्रू बसवायचा असतो तेव्हा, नाहीतर हाऊसिंगच्या आतल्या बाजूनं सीट, म्हणजे डोकं बसायची जागा, काढायची असते आणि तिथं वरून टूल पोचतच नाही तेव्हा. मग रविवार पेठेत चक्कर. "नव्वद डिग्री सीएसके कोडी" (कानडीत 'द्या') म्हटलं की लगेच काउंटरवर येतंय, पण ८२ डिग्री म्हटलं की "मागवून देतो अण्णा, आठ-दहा दिवस लागतील". तोवर जॉब टेबलावर तसाच, आणि ज्याचं काम हाय त्याचे रोज दोन फोन.

मी गेली बरीच वर्षं असली टूलं स्वतःच करतोय आणि मला हे मनापासून सांगायचंय की अडलेलं सीएसके टूल बनवायला एक दुपार पुरते. त्याला दहा धारा लागत नाहीत, एक चांगली धार आणि तिच्या पाठीमागं नीट टेकू असला की झालं, कधीकधी तर विकतच्या टूलपेक्षा साफ काम होतंय.

पण आधी कोन. इथंच निम्मी माणसं चुकतात. आपल्याकडचे मेट्रिक सीएसके स्क्रू, म्हणजे एलन सॉकेटवाले, स्टारवाले, चिरेवाले, सगळे ९० डिग्रीचे. अमेरिकन इंची स्क्रू ८२ डिग्रीचे. विमानाच्या कामात, म्हणजे हत्तरगीच्या एरोस्पेस एसईझेडमध्ये जसली कामं चालतात तसल्या कामात, १०० डिग्रीचे रिव्हेट आणि स्क्रू येतात. पत्र्यावर मारायच्या सीएसके पॉप रिव्हेटचं डोकं साधारणपणे १२० चं. आणि ६० म्हणजे लेथच्या सेंटरचा कोन, तो स्क्रूसाठी नसतोय, शाफ्टला सेंटर देण्यासाठी असतोय.

कोन मोजायला बेव्हल प्रोट्रॅक्टर असला तर उत्तमच, नसला तर नुसत्या व्हर्निअरवर जमतंय. डोक्याचा वरचा व्यास घ्या, त्यातून दांड्याचा व्यास वजा करा, आणि त्याला उताराच्या उंचीनं भागा. उत्तर २ आलं तर ९० डिग्री. १.७४ च्या आसपास आलं तर ८२. २.३८ आलं तर १००, ३.४६ आलं तर १२०, आणि १.१५ म्हणजे ६०. एकच काळजी घ्या, डोक्याच्या कडेला थोडी सरळ पट्टी असतीय ती उंचीत धरायची नाही, नाहीतर ९० चा स्क्रू ८२ चा वाटायला लागतोय. तीन-चार स्क्रू मोजून बघा, एकावर जाऊ नका.

काही जण म्हणतात ८२ आणि ९० मध्ये काय एवढा फरक, घट्ट आवळला की बसतोय. बसत नाही. ८२ चा स्क्रू ९० च्या खड्ड्यात टाकला तर तो खालीच, दांड्याजवळ टेकतोय आणि वरची कड मोकळी राहते. उलट ९० चा स्क्रू ८२ मध्ये टाकला की नुसत्या वरच्या कडेवर लटकतोय. दोन्ही वेळा सगळा जोर एका बारीक रिंगवर येतोय, मशीन हादरायला लागलं की ती रिंग दबते आणि स्क्रू सैल होतोय. खात्री करायची असेल तर डोक्याच्या उताराला परमनंट मार्कर फासा, स्क्रू खड्ड्यात टाकून जरा फिरवा, काढून बघा. शाई सगळ्या उतारावरून पुसली गेली तर कोन जुळला, फक्त एक गोल रेघ पुसली गेली तर नाही जुळला.

आता शोधायचं कुठं. नवीन घ्यायचं असेल तर अ‍ॅडिसन, मिरांडा असली नावं इथल्या दुकानदारांना माहीत आहेत, ऑर्डर देताना फक्त "सीएसके" म्हणू नका, कोन, व्यास, शँक (मशीनमध्ये धरायचा मागचा भाग) सरळ की टेपर, आणि पायलट (भोकात शिरून टूल मधोमध धरणारं टोक) पाहिजे की नको, हे चारही सांगा. कोल्हापूर जवळ आहे, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीला टूल पुरवणारे आहेत, तिथं कधीकधी लगेच मिळून जातंय. मुंबईला जाणं होत असेल तर मशीद बंदरजवळची नागदेवी स्ट्रीट बघाच, हातातला स्क्रू सोबत घेऊन जावा. पण मला सगळ्यात आवडतंय ते भंगार. फौंड्र्या आणि मशीन शॉप इतकी आहेत आपल्याकडं की भंगारात तुटलेले एंड मिल, टोक गेलेले टेपर शँकचे मोठे ड्रिल, मोडलेले टॅप, झिजलेले रीमर किलोवर मिळतात, आणि त्यातलं बरंचसं एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, असतंय. एचएसएसला घरी पाणी देता येत नाही, म्हणजे तापवून कडक करता येत नाही, त्याला १२०० डिग्रीच्या आसपासचं तापमान लागतंय, पण द्यायची गरजच काय, ते आधीच कडक आहे, ग्राइंडरवर फक्त आकार द्यायचा.

त्यातलं सोपं काम म्हणजे १६ मिमीचा तुटका ड्रिल घ्यायचा, टोक ९० डिग्रीला घासायचं, आणि दोन्ही धारांचा समोरचा भाग ऑइल स्टोननं अगदी थोडा सपाट करायचा, म्हणजे धार धातूत स्वतःहून घुसत नाही. पितळेत आणि पातळ पत्र्यात हा सपाटपणा फार महत्त्वाचा, नाहीतर ड्रिल एकदम खाली ओढला जातोय आणि जॉब हातातनं फिरतोय. ग्राइंडरवर एचएसएस निळं पडलं तर लगेच घाबरू नका, ते साधारण ६०० डिग्रीपर्यंत कडकपणा सोडत नाही, पण लालबुंद झालेलं एकदम पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. साधं कार्बन स्टील मात्र निळं पडलं की संपलं, ते मऊ झालं, तिथं दर दोन सेकंदाला पाण्यात बुडवतच घासायचं.

तरी ड्रिलपासून केलेल्या टूलला एक रोग असतोय, तो म्हणजे चॅटर, खड्ड्यात ते फुलासारखे कंगोरे उठतात ना, ते. कारण असं की ड्रिल करताना टोक धातूत रुतलेलं असतंय, पण काउंटर, म्हणजे हा खड्डा, मारताना मधे आधीच भोक असतंय, टोकाला आधारच नाही, आणि दोन समोरासमोरच्या लांब धारा एकदम लागतात, मग टूल थरथरायला लागलं की तीच थरथर प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी परत येते. म्हणून विकतची चांगली टूलं तीन धारांची असतात. आणि म्हणूनच मी एका धारेवर आलो, कारण एका धारेच्या समोर पाठ असते, ती खड्ड्याला टेकून राहते आणि टूल कुठं पळूच शकत नाही.

हे टूल म्हणजे अर्धा शंकू, इंग्रजी डी अक्षरासारखं दिसतंय म्हणून डी-बिट म्हणतात. सिल्व्हर स्टीलचा, म्हणजे पाणी देऊन कडक होणाऱ्या कार्बन स्टीलचा, रॉड घ्या, एम ६ च्या (६ मिमीच्या) स्क्रूसाठी १४ मिमीचा पुरे, कारण एम ६ एलन सीएसकेचं डोकं १२ मिमी असतंय. एम ८ चं १६, एम १० चं २०, एम ५ चं १०, त्याच्यापेक्षा दोन-तीन मिमी मोठा रॉड घ्यायचा. लेथवर कंपाउंड स्लाइड, म्हणजे कोनात वळणारी वरची छोटी स्लाइड, अर्ध्या कोनाला वळवायची, म्हणजे ९० साठी ४५, ८२ साठी ४१, १०० साठी ५०, आणि शंकू टोकापर्यंत टर्न करायचा. लेथचं टूल बरोबर सेंटर हाइटला पाहिजे, वरखाली असलं तर शंकूचा उतार सरळ न येता आत वाकतोय, डोळ्याला दिसत नाही पण मार्कर लावल्यावर कळतंय.

इथं माझी एक चूक सांगतो कारण ती कुणाचीही होऊ शकते. पहिल्यांदा ८२ चं टूल केलं तेव्हा एका ओळखीच्या वर्कशॉपमधल्या लेथवर कंपाउंडचा आकडा ४१ वर लावला आणि काम केलं, पाणी दिलं, सगळं झालं, आणि सहा भोकं मारल्यावर बघतोय तर स्क्रू नुसता वरच्या बाजूला सैल. त्या लेथवर कंपाउंडचं शून्य आडव्या स्लाइडच्या दिशेनं होतं, बेडच्या दिशेनं नाही. म्हणजे मी लावलेले ४१ हे बेडपासून ४९ झाले आणि टूल ९८ डिग्रीचं तयार झालं. सहाच्या सहा भोकं वेल्डिंगनं भरून परत मारावी लागली, पूर्ण दिवस गेला. ९० च्या टूलला हे कधीच कळत नाही, कारण ४५ दोन्हीकडून ४५ च. तर दुसऱ्याच्या लेथवर बसलात की आधी शून्य कुठल्या दिशेला आहे ते बघा.

शंकू झाला की रॉडचा निम्मा भाग मिलिंगवर काढा, मिलिंग नसेल तर हॅकसॉनं कापून कानशीनं सपाट करा, वेळ लागतोय पण होतंय. सपाट बाजू बरोबर मध्यावर आली पाहिजे, व्हर्निअरनं जाडी रॉडच्या निम्मी येऊ द्या, वर पाच-दहा शतांश मिमी राहिलं तर शेवटी स्टोननं काढता येतंय, पण मध्याच्या खाली जाऊ नका. आता सपाट बाजूला दोन कडा दिसतील, त्यातली एकच कापणारी. टूल वरून बघताना घड्याळाच्या काट्यासारखं फिरणार, तर जी कड पुढं जाते ती धार. तिच्या मागचा साधारण एक तृतीयांश उतार ६ ते ८ डिग्री मागं झुकवून कानशीनं घासायचा, अगदी धारेपर्यंत. राहिलेला मागचा भाग ऑइल स्टोननं केसभरच कमी करायचा, जास्त नाही, तोच टेकू आहे. टेकू अजिबात कमी नाही केला तर टूल कापायच्या ऐवजी घासत बसतंय, आणि जास्त कमी केला तर परत चॅटर.

मग पाणी पाजायचं काम. हे संध्याकाळी नाहीतर सावलीत करा, उन्हात लाल रंग कळत नाही. टोकाला साबण फासा, पपड्या कमी येतात. गॅस टॉर्चनं किंवा कोळशाच्या भट्टीत चेरीसारखा लाल होईपर्यंत तापवा, सिल्व्हर स्टीलला ७७० ते ७९० डिग्री लागतात. थर्मामीटर कुणाकडं असतोय, म्हणून लोहचुंबक वापरा, साधारण ७७० ला लोखंडाला चुंबक लागायचं बंद होतंय, तिथून अगदी थोडं पुढं जायचं, दोन-तीन मिनिटं तसंच धरायचं आणि सरळ उभं पाण्यात सोडायचं, आडवं नाही, आडवं घातलं की वाकतंय. पाण्यात गोल ढवळत राहा. बाहेर काढल्यावर कानस फिरवा, कानस घसरली तर कडक झालं, कानशीनं चावा घेतला तर परत तापवा.

आणि लगेच टेंपर करा, म्हणजे परत हलकं तापवून ठिसूळपणा कमी करा, उद्यावर ठेवू नका, पाणी दिलेलं स्टील आतून ताणात असतंय, नुसतं ठेवलं तरी तडकू शकतंय. सपाट बाजू पॉलिश पेपरनं चकचकीत करा, आणि शँकच्या बाजूनं हळूहळू तापवा, रंग टोकाकडं सरकत येतोय, फिकट गवती पिवळा टोकाला पोचला की पाण्यात. तो रंग साधारण २२० ते २३० डिग्रीचा. तपकिरी २५० ला, जांभळा २७० ला, निळा ३०० ला, आणि निळी धार लोखंडात टिकणार नाही. निळा शँकला येऊ दे, उलट चांगलंच, शँक चिवट होतंय. शेवटी सपाट बाजू ऑइल स्टोनवर ठेवून चार हात मारा, धार तिथंच लागते. उताराच्या बाजूला नंतर हात लावू नका, कोन बिघडतोय.

सिल्व्हर स्टील नसेल तर जुन्या कानशीचं पण होतंय, त्यात कार्बन भरपूर असतोय. पण आधी ती मऊ करायला लागते, लालबुंद करून अगदी सावकाश थंड करायची. यासाठी आपल्या भागात एक फार चांगली गोष्ट आहे, खानापूरकडच्या भाताच्या गिरण्यांमधली तुसाची राख. ही राख उष्णता इतकी धरून ठेवते की फौंड्रीत पण ओतलेल्या रसावर झाकायला वापरतात. डबाभर राखेत लाल कानस पुरून रात्रभर ठेवा, सकाळी हॅकसॉनं लोण्यासारखी कापते.

आता वेगळ्या प्रकाराकडं येतो, जो आपल्या बेळगावच्या कामात सगळ्यात जास्त अडवतोय. बीडाच्या कास्टिंगमध्ये, पंपाच्या किंवा हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीत, फ्लँजच्या पाठीमागं बोल्टचं डोकं बसायची जागा खडबडीत असते, वाळूचे दाणे, उतार, सगळं. बोल्ट तिरका बसतोय आणि आवळला की वाकतोय. ती जागा मागून सपाट करायला पाहिजे, पण मागं भिंत असते, ड्रिल मशीनचा स्पिंडल तिथं जात नाही. याला बॅक स्पॉटफेसिंग म्हणतात, याचं तयार टूल बाजारात महाग आणि मापाचं मिळणं अवघड.

उपाय असा. एम १२ चं १३.५ चं भोक असेल तर १३.३ मिमीचा बार टर्न करा, भोकात हलका सरकला पाहिजे, हाच पायलट. खालच्या टोकाजवळ आडवं भोक पाडून त्यात ६ मिमीची एचएसएस टूल बिट बसवा, गोल बिट असेल तर भोक तसंच चालतंय, चौकोनी असेल तर भोक कानशीनं चौकोनी करा. बारच्या खालच्या तोंडातून उभा एम ५ चा आटा पाडून ग्रब स्क्रूनं (बिनडोक्याच्या स्क्रूनं) बिट आवळा. बार वरून भोकातनं खाली घालायचा, बिट खालून लावायची, आवळायची, आणि मग फिरवत वर ओढायचं. बिटीची धार वरच्या बाजूला, आणि वरचाच पृष्ठभाग धारेच्या मागं थोडा खाली उतरता. उलटी बसली तर ती कापत नाही, नुसती घासते. एम १२ च्या वॉशरला २४ मिमी लागतात, म्हणून सीट २६ ची ठेवा, म्हणजे बिट बारच्या मध्यापासून १३ मिमी बाहेर. १०० आरपीएमच्या आसपास, बीडाला तेल-पाणी काही नाही, कोरडंच. त्याच बारमध्ये ४५ डिग्रीला घासलेली बिट लावली की मागच्या बाजूनं सीएसके पण मारता येतंय.

इथं एक धोका आहे तो नीट ऐका. टेपर शँक ड्रिल मशीनच्या स्पिंडलमध्ये फक्त घर्षणावर बसलेलं असतंय, खाली दाबायला चांगलं, पण वर ओढलं की आपण जॉब ओढत नसतो, शँकच स्पिंडलमधनं ओढून काढत असतो. फिरता बार सुटून खाली आला तर हात गेला. म्हणून हे काम मिलिंग मशीनवर करा, जिथं ड्रॉबारनं टूल वरून आवळलेलं असतंय, आणि स्पिंडल वर नेण्याऐवजी टेबल हळूहळू खाली उतरवा. बिट लावताना-काढताना मशीन नुसतं बंद नको, मेन स्विच बंद पाहिजे, कारण तुमची बोटं तेव्हा कास्टिंगच्या आत असतात.

एलन बोल्टचं डोकं पूर्ण बुडवायला काउंटरबोअर, म्हणजे सपाट तळाचा सरळ खड्डा, लागतंय, त्याचं थोडक्यात सांगतो: एम ६ ला भोक ६.६ आणि काउंटरबोअर ११, एम ८ ला ९ आणि १५, एम १० ला ११ आणि १८. मापाचा एंड मिल असेल आणि मशीन घट्ट असेल तर पायलटशिवाय चालतंय. हाताच्या ड्रिलवर मात्र पायलट पाहिजेच.

पत्र्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. एम ५ सीएसकेच्या डोक्याची उंची २.८ मिमी, म्हणजे २ मिमी पत्र्यात तो मारताच येत नाही, भोकाची कड सुरीसारखी पातळ होऊन स्क्रू आरपार ओढला जातोय. डोक्याची उंची पत्र्याच्या जाडीच्या दोन तृतीयांशाच्या आत असली तर निवांत. जास्त असेल तर काउंटर मारू नका, पंच आणि डाय करून पत्रा खड्ड्यासारखा दाबा, यालाच डिंपल म्हणतात. पंचाचा कोन परत तोच, स्क्रूचा.

वेगाबद्दल बोलायचं तर त्याच व्यासाच्या ड्रिलच्या एक तृतीयांश. १२ मिमीच्या टूलला एमएसमध्ये (माइल्ड स्टीलमध्ये) २०० ते २५० आरपीएम, २० मिमीला १२० ते १५०. बेंच ड्रिलचा सगळ्यात कमी वेग पण बऱ्याचदा याच्या वर असतोय, तेव्हा मी काय करतोय, प्लग काढून टाकतो, एका हातानं लिव्हर दाबतो आणि दुसऱ्या हातानं वरची पुली फिरवतो. वेळ जातोय पण खड्डा आरशासारखा येतोय, आणि चॅटर पडलेलं भोक पण असंच दोन-तीन फेऱ्यांत साफ होतंय. खोली किती द्यायची, तर ९० च्या टूलला डोक्याच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करून निम्मं. एम ८ ला १६ वजा ९, निम्मं साडेतीन मिमी, टूल भोकाच्या कडेला टेकल्यापासून मोजायचं. ८२ ला तोच फरक गुणिले ०.५७५, १०० ला गुणिले ०.४२. ड्रिलचा डेप्थ स्टॉप तिथं लावला की पन्नास भोकं एकसारखी.

आणि टूल तयार झालं की पाणी द्यायच्या आधी, स्टील मऊ असतानाच, शँकवर नंबर पंचनं कोन ठोकून घ्या. ८२ आणि ९० शेजारी ठेवले तर डोळ्यांनी वेगळे ओळखू येत नाहीत, आणि पाणी दिल्यावर पंच उमटत नाही. माझं ते ९८ चं टूल अजून डब्यात आहे, त्याच्यावर पण ९८ ठोकायला पाहिजे होतं, आता ग्राइंडरनं शँकवर दोन खाचा करून ठेवल्यात.